दोन गिरण्या आणि एक रविवार

मराठी घरातील स्वयंपाकाचा काळ परंपरेने दोन मापांनी मोजला जात असे : वर्ष आणि दिवस. उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करायची आणि उरलेले सारे त्या त्या दिवशी, त्या त्या वेळेला रांधायचे. या दोहोंच्या मधले ‘आठवडा’ हे माप स्वयंपाकघरात बरेच उशिरा आले. आज नोकरी करणाऱ्या घरांत रविवारी भाज्या निवडून-चिरून ठेवणे, मटकीला मोड आणणे, वाटणाचे डबे भरणे, चिंचेचा कोळ काढून ठेवणे ही कामे इतकी अंगवळणी पडली आहेत की, त्यांना काही इतिहास असेल असे कोणास वाटत नाही. तो इतिहास आहे, आणि तो केवळ उपकरणांचा नाही. वाचवलेला वेळ कोणाकडून आला आणि कोणाकडे गेला, हा त्यातला खरा प्रश्न आहे. त्याचीच थोडी चर्चा येथे करावयाची आहे.

प्रथम वर्षाचे माप पाहू. पापड, कुरडया, सांडगे, शेवया, लोणची, वर्षाचे तिखट आणि मसाला ही सारी कामे चैत्र-वैशाखात उरकली जात. कडक ऊन हे तेव्हाचे सर्वांत मोठे आणि फुकटचे साधन. पदार्थातील पाणी उन्हाने काढून घ्यायचे, किंवा मीठ आणि तेल यांच्या जोरावर तो टिकवायचा, एवढेच या शास्त्राचे मर्म. वाळवणामुळे पावसाळ्यातल्या ओल्या, भाजी न मिळणाऱ्या दिवसांची सोय होई. म्हणजे वेळ वाचवण्याची कल्पना आपल्या आजी-पणजींना अपरिचित नव्हती. मात्र ती एकटीने करण्याची गोष्ट नव्हती. एकीच्या घरचे पापड लाटायला शेजारच्या चौघी जमत आणि मग त्यांच्या घरी हिला जावे लागे. बेगमीच्या हिशेबात मैत्री, नाते आणि परतफेड यांचाही जमाखर्च असे.

दुसरे माप दिवसाचे, आणि ते फार कठोर होते. दिवसाची सुरुवात जात्यापासून होई. पहाटे उठून त्या दिवसाच्या भाकरीपुरते पीठ दळायचे, मग पाणी, मग चूल. शिजवलेले अन्न या हवेत फार टिकत नाही. त्यातच शिळ्या अन्नाविषयीच्या धार्मिक कल्पना, सोवळ्या-ओवळ्याचे नियम यांनी ही मर्यादा आणखी घट्ट केली. सकाळचे सकाळी, रात्रीचे रात्री. शेतकरी-कष्टकरी घरांत शिळी भाकरी न्याहारीला चाले. तिथे सोवळ्याचा बडेजाव नव्हता आणि अन्न टाकणे परवडणारेही नव्हते. पण ब्राह्मणी वळणाच्या घरांत शिळे खाणे हे दारिद्र्याचे नाहीतर आळसाचे लक्षण ठरे. याला एक बोलका अपवाद आहे. शिळासप्तमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी केलेले थंड अन्न खायचे, असा प्रघात आहे. चुलीला विश्रांती द्यायची तर त्यासाठी देवीची आज्ञा लागत होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आणि तीही वर्षातून एकदाच.

मग आठवडा कुठे होता? तो बाजारात होता. गावोगावचा आठवडी बाजार हे ग्रामीण जीवनाचे एक मुख्य अंग. मीठ-मिरची, भाजी, गूळ, बांगड्या यांची खरेदी बाजाराच्या वारावर अवलंबून असे. पण आठवडा पिशवीतून घरापर्यंत येई आणि उंबरठ्याशी थांबे. खरेदी आठवड्याची आणि रांधणे रोजचे, अशी ही विभागणी होती.

हा आठवडा उंबरठा ओलांडून आत आणला तो गिरणीने. मराठीत ‘गिरणी’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या जागांसाठी वापरला जातो : कापडाची गिरणी आणि पिठाची गिरणी. दोन्हींमध्ये यंत्र आहे, आवाज आहे, हवेत तरंगणारी धूळ आहे. आमच्या मते मराठी घरातील आठवड्याचा इतिहास हा या दोन गिरण्यांचा इतिहास आहे.

आधी पिठाची गिरणी. तेलाच्या इंजिनावर आणि पुढे विजेवर चालणाऱ्या गिरण्या विसाव्या शतकात शहरांतून गावांपर्यंत पसरत गेल्या. जात्यावर रोजच्यापुरते दळले जाई, कारण हाताची शक्ती तेवढीच. गिरणीत शेर-दोन शेर घेऊन रोज जाणे कोणासच सोयीचे नव्हते. म्हणून डबा भरून, आठवडा-दहा दिवसांचे दळण एकदम आणण्याची रीत पडली. ‘दळण’ या शब्दाचा अर्थच पालटला. पूर्वी ती एक क्रिया होती, आता ती डब्यात घालून नेण्या-आणण्याची वस्तू झाली. आणखी एक फरक झाला. जात्यावर पुरुष बसत नसे. परंतु दळणाचा डबा सायकलच्या मागे लावून नेण्याचे काम घरातल्या मुलाकडे किंवा बापाकडे जाऊ लागले. स्वयंपाकाच्या साखळीतले हे एक काम पुरुषांकडे सहज सरकले, कारण ते घराबाहेर गेले होते. घरात राहिलेली कामे मात्र जागची हलली नाहीत. पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज या एका गोष्टीत आहे.

जाते गेले तेव्हा आणखी काय गेले, हे साहित्याच्या अभ्यासकांस सांगायला नको. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर हा संग्रह वाचकांसमोर येऊ लागला. माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल, मुलीचा जन्म, आंबेडकर या सर्व विषयांवर बायका त्या पहाटेच्या अंधारात बोलल्या आहेत. बहिणाबाई चौधरींची कविताही घरकाम आणि शेतकाम करता करताच जुळली आणि १९५२मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. आता कोणी असे म्हणेल की, यंत्राने कविता मारली. हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. खांदे भरून येईतो दळणाऱ्या बाईला जात्याची हळहळ करायला सांगणे, हा आरामखुर्चीत बसलेल्यांचा विलास आहे. मात्र एक प्रश्न उरतोच. पहाटेचे ते दोन-अडीच तास मोकळे झाले. त्यांत काय आले? दोन बायकांनी समोरासमोर बसून बोलण्याची जागा गेली आणि तिच्याऐवजी दुसरी जागा मिळाली का? मोकळ्या झालेल्या वेळात बहुधा दुसरे काम येऊन बसले.

आता दुसरी गिरणी. मुंबईच्या कापडगिरण्यांत सुट्टीचा ठराविक वार नव्हता. सत्यशोधक चळवळीतले आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४पासून कामगारांच्या सभा आणि अर्ज यांच्याद्वारे जो लढा दिला, त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी अग्रभागी होती. एप्रिल १८९०मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन कामगार स्त्रियांनीही साप्ताहिक सुट्टीच्या बाजूने भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या, १८९१च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली आणि स्त्री कामगारांच्या कामाचे तास दिवसाला अकरांवर आणले गेले.

त्या दोन स्त्रियांचा विचार मनात येतो. त्यांनी मागितलेला रविवार त्यांना मिळाला. पण त्या रविवारी त्यांनी काय केले असेल? कपडे धुतले असतील, धान्य निवडले असेल, मुलांची डोकी विंचरली असतील, आणि नवरा घरी असल्यामुळे रोजच्यापेक्षा थोडे अधिक रांधले असेल. कायद्याने गिरणीतले त्यांचे तास मोजले. चुलीपुढचे तास मोजण्याची कोणाची कल्पनाही नव्हती. सुट्टीचा दिवस आणि घरकामाचा मुख्य दिवस हे दोन्ही एकच ठरावेत, याची सुरुवात इथे झाली असे म्हणता येईल.

योगायोग असा की, मुंबईच्या डबेवाल्यांच्या व्यवसायाचा आरंभही परंपरेने १८९०मध्येच मानला जातो आणि त्याचे श्रेय महादू हावजी बच्चे यांना दिले जाते. घरचे ताजे अन्न दुपारी कचेरीत पोचवणारी ही व्यवस्था जगभर नावाजली गेली. तिचे कौतुक करताना एक बाजू नजरेआड होते. डबा सकाळी ठराविक वेळी दाराबाहेर निघाला पाहिजे, म्हणजे घरातल्या बाईचे घड्याळ लोकलच्या वेळापत्रकाला बांधले गेले. याउलट ज्यांचे घर गावी होते त्या गिरणगावातल्या कामगारांसाठी खानावळवाल्या बाया रांधत. त्यांतल्या कित्येक स्वतः कामगारांच्या बायका होत्या. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. रांधणे हा व्यवसाय आहे आणि रांधणारी पतपात्र आहे, हे यामुळे कागदावर आले. पुण्याच्या पेठांमधल्या खानावळींत ‘रविवारी संध्याकाळी बंद’ अशी पाटी असे. पैसे घेऊन चालणाऱ्या चुलीला अर्धा का होईना, रविवार मिळाला. घरच्या चुलीला तेवढाही नाही.

या काळात छापील पुस्तकाने स्वयंपाकघरात प्रवेश केला. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ प्रसिद्ध झाले. त्याच साली रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ आले. ही दोन पुस्तके एकत्र वाचली जात नाहीत. ती वाचली जावीत असे आम्हांस वाटते. एक सांगते, स्त्रीने स्वयंपाकघरात काय काय करावे. दुसऱ्यात एका मुलीला लिहायला-वाचायला वेळ काढताना घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष कसा सोसावा लागला, त्याची हकीकत आहे. ‘वाचणे’ या क्रियापदाचे मराठीत दोन अर्थ आहेत. शिल्लक राहणे हा एक, आणि अक्षरे लावून अर्थ घेणे हा दुसरा. रमाबाईंच्या पिढीत हे दोन अर्थ एकमेकांवर अवलंबून होते : वेळ वाचला तरच पुस्तक वाचता येई. आणि वाचलेल्या वेळाचा असा उपयोग बाईने करावा, हेच घराला खुपत होते. वेळ वाचवण्यास कोणाचा विरोध नव्हता. तो तिने स्वतःसाठी ठेवण्यास होता.

साठ वर्षांनी, १९७०मध्ये, कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले. वाटी आणि चमचा ही घराघरांत असणारी मापे त्यात दिली होती. ‘अंदाजाने मीठ’ हा शब्दप्रयोग सासू किंवा आई शेजारी उभी असेल तरच उपयोगी पडतो. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, नोकरी करत संसार मांडणाऱ्या मुलीच्या शेजारी कोणी उभे नव्हते. तिला पुस्तक हवे होते, आणि पदार्थ पहिल्याच खेपेस साधायला हवा होता. ‘रुचिरा’च्या अमाप खपामागे चवीइतकेच हे वेळेचे गणितही आहे.

हाच उपकरणांचा काळ. १९५८मध्ये गोदरेजने भारतात शीतकपाट बनवले. १९५९पासून हॉकिन्स आणि प्रेस्टीज ही प्रेशर कुकरची नावे घरोघर पोचू लागली. १९६०च्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने, घरचे परदेशी यंत्र आपल्याकडच्या वाटणापुढे टिकेना म्हणून, सुमीत मिक्सर तयार केला. कुकरमध्ये वाफेच्या दाबामुळे पाणी शंभराऐवजी सुमारे १२१ अंश सेल्सियसला उकळते आणि तासभर शिजणारी तुरीची डाळ पाव तासात शिजते. एकावर एक भांडी ठेवून वरण, भात, बटाटे एकाच वेळी होऊ लागले. ‘कुकर लावणे’ म्हणजेच स्वयंपाकाला लागणे, असा नवा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला आणि वेळ शिट्ट्यांत मोजली जाऊ लागली. गिरणीचा भोंगा कामगाराला पाळी संपल्याचे सांगे. कुकरची शिट्टी काम संपल्याचे कधीच सांगत नाही. ती फक्त पुढच्या कामाला बोलावते.

आठवड्याच्या दृष्टीने या तिघांत शीतकपाटाचे महत्त्व सर्वाधिक. कुकर आणि मिक्सर यांनी काम वेगाने होऊ लागले. शीतकपाटामुळे ते पुढे-मागे सरकवता येऊ लागले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ते मध्यमवर्गात जसजसे पसरले, तसतशी शिळ्याची व्याख्या सैल झाली. आदल्या दिवशीची आमटी आता ‘मुरलेली’ ठरू लागली. चार दिवसांचे वाटण, दोन दिवसांची कणीक, निवडलेल्या पालेभाजीची पुरचुंडी यांना जागा मिळाली. जुन्या घरांत जे काम ऊन करी, ते आता थंडावा करू लागला. वर्षाची बेगमी आठवड्याची झाली. मात्र तिच्यातल्या शेजारणी गळाल्या. रविवारी सकाळी ओट्याशी उभी असलेली बाई बहुधा एकटीच असते.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ काउअन यांनी १९८३च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला आहे. तिकडे यंत्रांनी घरातली पुरुषांची आणि मुलांची कामे आधी संपवली. बाईचे कष्ट हलके झाले, पण तास घटले नाहीत, कारण अपेक्षा वाढल्या. आपल्याकडे जाते हे बाईचेच काम असल्याने पहिला टप्पा जसाच्या तसा लागू होत नाही. दुसरा मात्र तंतोतंत लागू पडतो. मिक्सर आला आणि रोजच्या जेवणात चटणी असणे गृहीत धरले गेले. शीतकपाट आले आणि अवेळी आलेल्या पाहुण्यापुढे काहीतरी ठेवता येईलच, असे मानले जाऊ लागले.

वेळ वाचवण्याचा तिसरा मार्ग म्हणजे काम दुसऱ्याकडे देणे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभे राहिले. ज्या घरांनी पापड विकत आणले त्यांचा उन्हाळा मोकळा झाला आणि ज्यांनी लाटले त्यांच्या हाती पैसा आला. पुढे पोळी-भाजी केंद्रे आली, घरी येऊन पोळ्या करणाऱ्या बाई आल्या, स्टेशनबाहेर निवडलेल्या भाजीच्या पिशव्या आल्या. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली महिला विशेष लोकल धावली. लोकलच्या महिला डब्यात शेंगा सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायका मुंबईकरांस नवीन नाहीत. कचेरी आणि चूल यांच्यामधला प्रवासही त्यांनी कामाला लावला. परंतु दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटणाऱ्या बाईला आपल्या घरच्या पोळ्या केव्हा लाटता येतात, हे आपण सहसा विचारत नाही. पुण्यात १९८०मध्ये मोलकरणींनी पगार आणि रजा यांसाठी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडले. लोखंड्यांनी गिरणीच्या दारात मागितलेली गोष्ट स्वयंपाकघराच्या दारात यायला शतक उलटावे लागले.

शेवटी आजचा हिशेब. केंद्र सरकारच्या २०१९च्या कालवापर सर्वेक्षणात घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला. अशी कामे करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१.२ टक्के, पुरुषांत २६.१ टक्के होते. २०२४च्या सर्वेक्षणात ही मिनिटे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाली. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे कमी झाली, आणि पुरुषांचीही नऊ. कुकर, मिक्सर, शीतकपाट, तयार पीठ आणि घरपोच भाजी या साऱ्यांच्या नंतरचा हा आकडा आहे.

आठवड्याची तयारी करू नये, असे आम्हांस मुळीच म्हणायचे नाही. ती केल्याने मंगळवारची संध्याकाळ सुसह्य होते, हा साऱ्यांचा अनुभव आहे. एवढेच सुचवायचे आहे की, ‘रविवारी दोन तास दिले की आठवडाभर वेळ वाचतो’ या वाक्यात कर्ता गाळलेला आहे. ते दोन तास कोण देते, हे आधी लिहावे. दळणाचा डबा सायकलवर चढला तेव्हा एक काम बाईच्या हातून सुटले. शेंगा सोलणे, मटकी भिजवणे, डबे पुसून भरणे यांपैकी कोणते काम असे आहे की, जे उंबरठ्याच्या आतच राहूनही दुसऱ्या हातात जाऊ शकत नाही?

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांसाठी यात करण्याजोगे काम पुष्कळ आहे. घरातल्या जुन्या पाकपुस्तकाच्या समासात, पिवळ्या पडलेल्या वहीत, दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला आई-आजींनी लिहिलेल्या नोंदी असतात : दळण कधी दिले, गॅस कधी लावला, लोणचे किती कैऱ्यांचे घातले. त्यांना आपण लेखन मानत नाही. त्या तारखा क्रमाने लावून वाचल्या तर एका घराचा आठवडा कसा घडला आणि त्यात तिच्या वाट्याला किती आला, ते हाती लागेल. घरातल्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी हे व्हावे.